आता घासणार नाही

यंत्र पाचव्यांदा म्हणालं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मी अंगठा पदराला पुसला आणि परत काचेवर टेकवला. पुन्हा लाल दिवा. वॉचमन म्हणाला, "मावशी, जरा जोरात दाबा ना."

"अरे, किती जोरात दाबू? भिंतीच्या पलीकडे काढू का अंगठा?"

तेवढ्यात आतून मानसी धावत आली. दिंडोशीच्या डोंगराला लागून आमची समता चाळ होती. तिच्या जागेवर हा अडतीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला आणि त्याची आतली सजावट ही पोरगी करते. वय असेल अठ्ठावीस. तिनं आतून बटण दाबलं, काचेचं दार सरकलं. मी म्हटलं, "तुमच्या यंत्राला सांग, शकुंतला तायडे जिवंत आहे. ठसा तेवढा गेलाय."

"म्हणजे काय काकू?"

मी दहाही बोटं तिच्यापुढं धरली. तिनं वाकून बघितलं. बोटं गुळगुळीत, एक रेघ नाही. ओशिवऱ्याच्या फर्निचर कारखान्यात सत्तावीस वर्षं मी पॉलिश पेपर मारला. मिस्त्री कपाट बनवायचा, मी ते घासायचे. आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, शेवटी चारशे. लाकडावरचा ओरखडा गेला पाहिजे, खिळ्याचं भोक पुट्टी भरून बुजलं पाहिजे. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की या कपाटाला कुणाचा हात म्हणून लागलेला नाही. त्या घासण्यात माझी बोटंही गेली. रेशनच्या दुकानात माझा अंगठा उठत नाही, बँकेत उठत नाही.

पटाशी मात्र कधी हातात दिली नाही मेल्यांनी. कापायचं, कोरायचं ते मिस्त्रीनं, बाईनं घासायचं. मी मान खाली घालून घासायचे आणि डोळा त्याच्या पटाशीवर ठेवायचे. सत्तावीस वर्षं नुसतं बघितलं तरी काम येतं माणसाला.

"या, जागा दाखवते," मानसी म्हणाली.

आत सगळा पांढरा संगमरवर. चप्पल काढू की नको असं झालं, पण नाही काढली. डावीकडच्या मोठ्या भिंतीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "इथं उभ्या करायच्या. अकराच्या अकरा. पुढच्या रविवारी उद्घाटन आहे."

मी दारापासून पावलं मोजली. मग मागच्या डोंगराकडे बघून पुन्हा मोजली. आमच्या चाळीच्या अकरा खोल्या होत्या बरोबर तिथंच. माझी सात नंबर. आणि जिथं मानसी उभी होती तिथं एक नंबर, नंदाची.

"नंदा इथंच उभी राहील?" मी विचारलं.

"इथंच."

मला भरून आलं. कुणापुढं रडायची मला सवय नाही, म्हणून मी भिंतीवर टिचकी मारून बघितली आणि प्लास्टर पोकळ आहे म्हणाले.

आता या अकरा जणी कोण ते सांगते. सात वर्षांपूर्वी चाळ पाडली, तेव्हा पाडकामवाल्यानं सगळी दारं ओढून ट्रकात टाकायला घेतली. फळ्यांची जुनी दारं, बाहेरून हिरवा ऑइलपेंट, आतून कोरं लाकूड. मी ट्रकपुढं जाऊन बसले. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत बसले. शेवटी ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "दे दो बुढिया को, मेरा टाइम खोटी मत करो." तेव्हा मी बुढिया नव्हते, चौपन्न वर्षांची होते. पण दारं मिळत होती म्हणून गप्प बसले.

मग मानखुर्दच्या भाड्याच्या खोल्यांत सहा वर्षं. मी त्या दारांची चळत केली आणि वर गादी टाकून झोपले. मुलगा म्हणायचा, "आई, लोक पलंगावर झोपतात, तू चाळीवर झोपतेस." म्हणू दे. मागच्या वर्षी नवी घरं मिळाली. पुढचा टॉवर विकायचा, हायवेकडे तोंड असलेला. आम्हा चाळवाल्यांची इमारत मागं, डोंगराला पाठ लावून. तिथं खाली गाड्या लावायच्या जागेत मी दारं आणली आणि कामाला लागले.

माझी रीत साधी आहे. जिचं दार, तिला त्यावर आडवं झोपवायचं आणि खडूनं भोवती रेघ मारायची. बायका काय लाजल्या, काय हसल्या! वनमाला म्हणाली, "शके, पोट जरा आत घेऊन काढ गं." मी म्हटलं, दाराला मावतंय तेवढं काढते. मग कारखान्यानं मोडीत काढलेल्या जिगसॉ करवतीनं रेघेवरून कापायचं आणि पटाशीनं खांदा, पदराची निरी, अंबाडा तेवढा कोरायचा. बाकी दाराचं जे आहे ते राहू द्यायचं. खिळा राहू दे, उंदरानं कुरतडलेलं राहू दे, बाहेरची कडी राहू दे. दाराची आतली बाजू म्हणजे बाईचं तोंड आणि बाहेरचा हिरवा रंग तिच्या पाठीला.

नंदाला झोपवायला नंदा नव्हती. मानखुर्दला सहाव्या वर्षी किडनीनं गेली ती. नव्या घराची किल्ली बघायला राहिली नाही. तिचे मालक भाऊराव खाली आले आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर हात आडवा ठेवून दाखवला, "इथवर यायची." मी तेवढी उंची धरली. भाऊरावांनी दाराच्या कडीला हात लावला आणि म्हणाले, "रात्रपाळी करून सकाळी सहाला यायचो. मी कधी तिला हाक नाही मारली, शकू. कडी वाजवायचो, दोनदा. आले, आले म्हणायची." त्यांनी कडी वाजवली नाही, नुसता हात लावून सोडून दिला.

नंदाच्या दाराची गोष्ट वेगळी होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात आम्ही दोघी जायचो, मी सहीपुरतं शिकून पळाले, ती टिकली. चाळीत कुणाला कळा सुरू झाल्या की रिक्षात बसून दवाखान्यात जायची ती नंदाच. आणि परत आली की दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायची. "वनमालाला मुलगा. शनिवार. पायाळू." "जयंतीला मुलगी. बुधवार. दिवे लावताना." "शकुला मुलगा. सोमवार. फार रडला." तेवीस ओळी होत्या अशा. पंगतीत बसलेल्या लहान पोरांसारखी तिची अक्षरं, एक पुढं सरकलेलं, एक मागं. पोराचा जन्मवार कुणी विचारला तर आया आधी नंदाच्या दारापुढं उभ्या राहायच्या. आता नंदाच्या हातचं जगात तेवढंच उरलं होतं, त्या तेवीस ओळी. कोरलेल्या नंदाच्या बरोबर छातीपासून कमरेपर्यंत त्या येत होत्या.

मानसीनं हे सगळं बघितलं ते योगायोगानं, पाण्याची पाइपलाइन बघायला आली होती तेव्हा. दोन तास उकिडवी बसून राहिली बिचारी. मग म्हणाली, "काकू, या पुढच्या लॉबीत हव्यात."

पण लॉबी तिची नव्हती. शनिवारी ती कंपनीच्या मॅनेजरला घेऊन आली. नितेश त्याचं नाव. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्यानं अकरा जणींभोवती एक फेरी मारली.

"कन्सेप्ट झकास आहे, काकू. फक्त फिनिशिंग बाकी आहे ना?"

"झालंय की."

"नाही, म्हणजे हे खिळे, डाग, लिहिलंय काय काय... करोडोंचे फ्लॅट घेणारी माणसं येणार. कुणाचा ड्रेस अडकला तर? खिळे काढा, पॉलिश पेपर मारा, वर मेलामाइन पॉलिशचा एक हात. तुमचंच तर काम ते!"

"माझंच काम म्हणून सांगते, नाही मारणार."

"मग राहू दे. बाहेरून काहीतरी मागवू." तो शांतपणे म्हणाला आणि मोबाइल बघत निघून गेला.

मानसी मागं थांबली. "काकू, नुसत्या कडा करा. वरवर. चारशे नंबरनं. लिहिलेल्याला हात लावू नका, त्यासाठी मी भांडते त्याच्याशी."

मी नाहीच म्हणायला हवं होतं. पण डोळ्यांपुढं ती भिंत आली, ती एक नंबरची जागा. ज्या मातीवर नंदानं तीस वर्षं झाडू मारला तिथं ती संगमरवरावर उभी राहील, काचेतून हायवे बघेल, आणि करोडोंच्या फ्लॅटवाल्यांना रोज तिच्यासमोरून जावं लागेल. मला ते हवं होतं. फार हवं होतं. मी हो म्हणाले, आणि मानसीनं तसं नितेशला कळवलं.

सोमवारी दुपारी नंदापासूनच सुरुवात केली. मांडीवर जुनं पातळ पसरलं, त्यावर नंदाला आडवी घेतली आणि कडेनं पेपर फिरवायला लागले. शेजारी जयंती कोथिंबीर निवडत बसली होती. जयंती वेंगुर्ल्याकडची, पाच नंबरवाली. तिची दीप्ती अंधेरीला एका ऑफिसात लागलीय, तिथल्या कुणा पोराबद्दल तिला संशय होता.

"जेवणाचो डबो दोन माणसांचो नेता गो," जयंती सांगत होती. "म्हणता, भूक लागता."

"नेऊ दे की. तू काय कमी डबे पोचवलेस गिरणीच्या गेटावर?"

"गप बस गो मेले!" ती लाजून हसली.

मीही हसले. बोलत होतो, हसत होतो, आणि हात चालू होता. हा हात सत्तावीस वर्षं फक्त एकच गोष्ट शिकला. एकदा लाकडावर फिरायला लागला की डाग दिसेल तिकडं जातो, आणि थांबायचं कुठं ते मालकानं ओरडून सांगावं लागायचं. इथं ओरडायला कुणी नव्हतं.

जयंतीचं बोलणं एकदम थांबलं. कोथिंबिरीची जुडी तिच्या हातातून खाली पडली.

"शकू," ती म्हणाली, "माझी दीप्ती खंय?"

मी खाली बघितलं. कडेवरनं हात कधी आत गेला मला कळलंच नाही. वरच्या पाच ओळी गेल्या होत्या. तिथं लाकूड गोरंपान, गुळगुळीत झालं होतं, एकदम पक्कं काम. मांडीवरच्या पातळावर भुसा पडला होता, थोडा राखाडी. ती राखाडी म्हणजे नंदाची पेन्सिल.

"शिरा पडो तुझ्या हातार!" जयंती ओरडली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "पेन्सिल घे. परत लिही. माका पाठ आसा, बुधवार, दिवे लावताना."

"मी लिहिलं तर ते माझं अक्षर होईल, जयंती. नंदाचं कुठून आणू?"

मग मात्र मी रडले. मोठ्यानं रडले. नंदा मेली तेव्हा भाऊरावांना सांभाळायचं होतं म्हणून रडायचं राहिलं होतं, तेही त्यात रडून घेतलं. आणि रडून झाल्यावर पिशवीतले पॉलिश पेपर काढले, ऐंशीपासून चारशेपर्यंत सगळे, आणि फाडले. चांगला पेपर सहज फाटत नाही. दातात धरून फाडला.

संध्याकाळी पाचव्या मजल्यावर भाऊरावांकडे गेले. ते बातम्या बघत होते. टीव्ही बंद करा, असं म्हणून मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. बसायची हिंमत नव्हती.

त्यांनी विचारलं, "किती ओळी?"

"पाच."

"उरल्या किती?"

"अठरा."

त्यांनी रिमोट खाली ठेवला. मी मनाची तयारी करून आले होते, काय बोलायचं ते बोलू देत. ते म्हणाले, "हात दुखतात का गं तुझे अजून? नंदा तेल लावून द्यायची ना तुला?"

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. जिना उतरताना मी ठरवलं, आता या हातानं कुणाचं काही पुसायचं नाही.

गुरुवारी सकाळी टेम्पो आला. चार हमाल, नितेश आणि मागून मानसी. नितेशनं अकरा जणींकडे बघितलं. खिळे जागच्या जागी.

"काकू, हे काय? काहीच केलं नाही?"

"केलं. पाच ओळी घासल्या. त्याच जास्त झाल्या. आता घासणार नाही. आहेत तशा न्यायच्या तर न्या."

"अहो, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी मोडलं."

त्याचा गोडवा गेला. "हे बघा, स्पष्ट सांगतो. ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय, पाडकामाचा सगळा माल कंपनीचा. टेक्निकली ही दारं आमची आहेत. आम्ही नेतो, आमचा माणूस मशीननं पॉलिश करेल. दोन तासांचं काम आहे. चला रे, उचला."

मशीनला तर थांब म्हणणाराही कुणी नसतो. मी टेम्पोच्या तोंडाशी गेले आणि खाली बसले. सात वर्षांपूर्वी गुडघे बरे होते, आता जयंतीला हात धरून बसवावं लागलं. मला बसवून ती लिफ्टकडे पळाली.

"काकू, तमाशा नको हं."

"तमाशा कसला? तुझा माल आहे म्हणतोस ना? मग ओळख. हे दार कितव्या खोलीचं, सांग. बरोबर सांगितलंस तर मी स्वतः उचलून टेम्पोत ठेवते."

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि बायका बाहेर पडल्या. जयंतीनं मजल्यामजल्यावर बेल मारली होती. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या डोक्याला मेंदी.

वनमाला पुढं झाली. "खाली उंदरानं कुरतडलंय ना, ते माझं. चार नंबर. त्या उंदरानं माझं मंगळसूत्रसुद्धा सोडलं नव्हतं."

"हा मोठा खिळा माझ्या सासऱ्यांच्या छत्रीचा," दुसरी म्हणाली. "नऊ नंबर."

"ह्यो चटको माझो," जयंती म्हणाली. "स्टोव्ह भडकलेलो. हां, आता घासून दाखव, बघतंय मी."

एकेक जण आपल्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाई आणि बाईची लाकडी बाई, खांद्याला खांदा. हमालांनी दोर खाली ठेवले. त्यांतला एक म्हातारा हमाल तर वनमालाच्या दाराकडे बघून हसतच होता, त्याला पोट जुळलेलं दिसलं असावं.

नितेश माझ्यापुढं वाकला. आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, इमोशनल होऊन काय मिळणार? लॉबीत जागा पाहिजे की नको तुम्हाला?"

मी मान वळवून त्या टॉवरकडे बघितलं. काचेतून ती भिंत दिसत होती.

"पाहिजे होती. अजून पाहिजे. तुला कळणार नाही किती पाहिजे ते. पण नंदाला पुसून नंदाला उभी केली, तर तिथं उभं कोण राहिलं रे? सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लाकडावरचं माणूस पुसलं, पगार घेऊन. तेव्हा पोर लहान होतं. आता तो कमावतो, मी मोकळी आहे. जा तू."

त्यानं मानसीकडे बघितलं. "मॅडम, तुम्हीच समजवा."

मानसीचा चेहरा लाल झाला होता. छातीशी धरलेली फाइल तिनं उघडली आणि म्हणाली, "सर, आर्टिस्टची सही नाही माझ्याकडे. सहीशिवाय मी हे लॉबीत लावणार नाही. तसं लिहून पाठवते वर."

आर्टिस्ट म्हणाली ती मला. मी इकडं तिकडं बघितलं, आणखी कुणाला म्हणाली की काय.

टेम्पो रिकामा गेला. रविवारी उद्घाटन झालं, फुगे सोडले, गाणी वाजली. त्या भिंतीशी आता पितळेचं एक झाड आहे, सोनेरी पानांचं. कुणाचा ड्रेस अडकत नाही त्याला. त्याच्या जवळून जाताना अजूनही मी पावलं मोजते, खोटं कशाला सांगू. नंदाची जागा गेली ती गेलीच.

आमच्या अकरा जणी मागच्या इमारतीत आहेत, खाली, लिफ्टसमोर, मीटरच्या पेट्यांशेजारी. सेक्रेटरी कुरकुरले, अग्निशामकवाले हरकत घेतील म्हणाले. मी टेप घेऊन जागा मोजून दिली, येण्याजाण्याला सहा फूट सोडलेत. त्यांना उभ्या केल्यात त्या दारासारख्याच. बाहेरची बाजू बाहेर, आतली आत. फाटकातून येणाऱ्याला हिरवा रंग आणि कड्या दिसतात. लिफ्टमधून उतरणाऱ्याला त्यांची तोंडं दिसतात.

नंदाच्या छातीवरचा तो पांढरा पट्टा मी तसाच ठेवलाय. रंग देऊन जुना करून देते म्हणाली मानसी. मी नको म्हटलं. वरचं पाच ओळींचं कोरं लाकूड माझ्या हातचं काम आहे, खालच्या अठरा ओळी नंदाच्या हातच्या. दोन्ही दिसू दे. कुणी विचारलं तर मी सांगते, हे मी केलं. दीप्ती परवा त्या डबावाल्या पोराला घेऊन आली होती, त्यालाही तिथं बोट ठेवून सांगितलं, ही इथं होती, बुधवारी, दिवे लावताना.

मी पहाटे उठते, गुडघे झोपू देत नाहीत. खाली येऊन पटाशीला धार लावत बसते. दारांबरोबर आलेल्या चाळीच्या खिडक्यांच्या चार चौकटी अजून पडून आहेत, त्यांचं काय करायचं ते डोक्यात आहे. सहा वाजता भाऊराव दूध घेऊन फाटकातून येतात. पहिल्या दिवशी सरळ लिफ्टकडे गेले. दुसऱ्या दिवशी नंदाच्या पाठीशी थांबले.

आता रोज थांबतात. मी खांबाआड असते, मान वर करत नाही. ते कडी वाजवतात, दोनदा. मग उभे राहतात, नंदाला अंथरुणातून उठून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. मग दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि लिफ्टचं बटण दाबतात.